विस्तव आणि मजुरी

शेजारच्या घरून विस्तव मागून आणणें म्हणजे काय, हें आजच्या तरुण वाचकांपैकीं पुष्कळांस समजावून सांगावें लागेल. सकाळीं चूल पेटवावयाची, घरांत काडीपेटी नाहीं, किंवा असली तरी तींतील काड्या मोजक्या. अशा वेळीं एखाद्या मुलाच्या हातीं गोवरीचा तुकडा देऊन त्याला शेजारीं पिटाळावयाचें. शेजारीण आपल्या चुलींतील एक निखारा चिमट्यानें उचलून त्या गोवरीवर ठेवी, आणि तें मूल एका हातानें वारा आडवीत, मधून मधून फुंकर घालीत घरीं परते. निखारा वाटेंत विझला तर पुन्हां जावें लागे, आणि या दुसऱ्या खेपेस मात्र थोडी लाज वाटे. हें काम आम्हीं काटोल येथें सुमारें तीन वर्षें केलें. त्यानंतर आमच्या घरीं प्रथम रॉकेलचा स्टोव्ह आला, मग गॅस आला, आणि आतां तर बटण फिरवितांच ज्वाला उठते. तरी कृतज्ञता या विषयावर विचार करूं लागलों कीं आम्हांस ग्रंथांच्या आधीं तो गोवरीचा तुकडा आठवतो.

आम्ही मूळचे काटोलचे नव्हों. १९७२ सालच्या दुष्काळांत आमचे आईवडील बीड जिल्ह्यांतील आपलें गांव सोडून निघाले, तेव्हां आम्ही चार वर्षांचे होतों. वडील प्रथम सरकारी कामावर खडी फोडीत होते. १९७३ च्या उन्हाळ्यांत महाराष्ट्रांतील अशा दुष्काळी कामांवर राबणाऱ्यांची संख्या ५० लक्षांच्या घरांत गेली होती, त्यांपैकींच ते एक. त्या कामांवर वांटली जाणारी सुकडी आणि परदेशांतून आलेल्या लाल मिलोची भाकरी या दोहोंची चव आमच्या पिढीच्या जिभेवरून अद्याप गेलेली नाहीं. (सुकडी आम्हांस आवडे, मिलोविषयीं न बोललेलें बरें.) पुढें एका नातलगाच्या निरोपावरून आमचें बिऱ्हाड काटोलास आलें. काटोल हें नागपूर जिल्ह्यांतील जाम नदीच्या कांठचें तालुक्याचें गांव. नागपुराहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर तें लागतें. सभोंवार संत्र्यांच्या बागा, आणि त्या बागांत हातांना काम.

या संत्र्याचें मूळ रोप रघूजी भोसल्यांनीं औरंगाबादेकडून नागपुरास आणविलें असें सांगतात. म्हणजे हें झाडही आमच्याप्रमाणेंच मराठवाड्याकडून आलेलें, आणि जंबेरीच्या खुंटावर डोळा भरून येथें वाढविलेलें. फरक इतकाच, कीं त्याला 'तुम्ही कोठले?' असें कोणी विचारीत नाहीं. उलट २०१४ सालीं त्याला नागपूरचें म्हणून भौगोलिक मानांकनही मिळालें. आम्हांस मात्र तो प्रश्न शाळेंत पुष्कळ दिवस पुरला. आम्ही 'कामून' म्हणत असूं, वर्गांतील मुलें 'काहून' म्हणत. अर्थ एकच, अक्षराचा फरक एक; पण तेवढ्या एका अक्षरावर वर्गांत हंशा पिके.

परक्या गांवीं येऊन राहिलेल्या माणसाकडून कृतज्ञतेची अपेक्षा इतरांहून अधिक केली जाते, ही गोष्ट आम्हांस फार लवकर समजली. गांवच्या मजुरानें मजुरी वाढवून मागितली तर तो भांडखोर ठरतो. बाहेरून आलेल्यानें मागितली तर तो कृतघ्न ठरतो. १९४७ नंतर सिंधमधून नागपुरास आलेल्या आणि जरीपटक्यास वस्ती केलेल्या कुटुंबांची कथा याहून कितीतरी दारुण आहे. त्या फाळणीच्या काळांत घरादाराला मुकलेल्या पुष्कळ लोकांनीं स्वतःस शरणार्थी म्हणवून न घेतां पुरुषार्थी म्हणवून घेणें पसंत केलें, यांतील मर्म आश्रित म्हणून राहिलेल्यासच कळेल. शरण आलेल्यानें सदैव हात जोडलेले असावेत, असा जगाचा अलिखित नियम आहे. आणि जोडलेल्या हातांनीं काम करतां येत नाहीं.

असो. बागेंत गळून पडलेलीं फळें आठवड्यांतून एकदां मजुरांनीं न्यावीं अशी मालकाची परवानगी होती. रविवारीं संध्याकाळीं आमची आई एक संत्रें सोली. घरांत माणसें पांच, फळांत फोडी बहुधा दहा किंवा अकरा. दहा निघाल्या तर तंटा नसे. अकरा निघाल्या तर अकरावी फोड कोणाची, याविषयीं आईचा कायदा ठरलेला होता: त्या सकाळीं ज्यानें विस्तव आणला असेल त्याची. ही फोड मिळावी म्हणून रविवारीं पहांटे आम्हां भावंडांत उठण्याची शर्यत लागे. आज आमच्या घरीं संत्रीं डझनानें येतात आणि त्यांतील कांहीं सुकून जातात; तरी आम्ही फोडी मोजल्याशिवाय संत्रें खात नाहीं, आणि मोजतांना आम्हांस जो आनंद होतो तो खाण्याच्या आनंदाहून निराळा आहे.

आतां या आनंदास काय म्हणावें? आमचे एक स्नेही यास कृतज्ञता म्हणतात आणि आमचें अभिनंदन करितात. बालपणीं दारिद्र्य भोगल्यामुळें लहानसहान गोष्टींत सुख मानण्याची कला तुम्हांस साधली, असें त्यांचें म्हणणें. आम्हांस ही स्तुति निमूटपणें स्वीकारवत नाहीं. उन्हांतून आलेल्यास सावली गोड लागते, ती सावलीच्या उपकारामुळें नव्हे, उन्हाच्या आठवणीमुळें. तिला कृतज्ञता म्हणणें म्हणजे भुकेस पाककलेचें श्रेय देण्यासारखें आहे. शिवाय या स्तुतींत एक धोका दडलेला आहे, आणि त्याकडे अमर्त्य सेन यांनीं अर्थशास्त्रज्ञांचें लक्ष वारंवार वेधलें आहे. दीर्घकाळ वंचित राहिलेला माणूस आपल्या इच्छाच आंखूड करून घेतो, अल्प लाभांत समाधान मानूं लागतो. मग त्याचें समाधान मोजून त्याची स्थिति ठरवूं जाल तर अन्याय दिसेनासाच होतो. गरिबाच्या संतोषाचें कौतुक करणारानें तें कौतुक कोणाच्या सोयीचें आहे हें एकदां पाहावें.

आमच्या भाषेंतील शब्द या बाबतींत मोठा सावध आहे. कृतज्ञ म्हणजे केलेलें जाणणारा. त्यांत प्रेम नाहीं, नम्रता नाहीं, हात जोडणें नाहीं. आहे तें केवळ जाणणें. ज्यानें जें केलें तें तेवढेंच आणि तसेंच जाणणें, अधिकही नाहीं आणि उणेंही नाहीं. असें असेल तर कृतज्ञतेस प्रथम हिशेब नीट पाहिजे. आणि हिशेबाचा पहिला प्रश्न हा, कीं जें मिळालें तें देणें होतें कीं दान होतें? शेजारणीनें विस्तव दिला नसता तर तिला कोणी जाब विचारला नसता. मजुरीची गोष्ट तशी नव्हे. १९४८ सालीं किमान वेतनाचा कायदा झाला, आणि स्त्रीपुरुषांस समान मोबदला देण्याचा कायदा १९७६ सालीं झाला. मजुरी हें देणें आहे. देणें चुकतें करणाराचे आभार मानावेत ते सभ्यता म्हणून. ऋण म्हणून नव्हे.

याच दृष्टीनें वि. स. पागे यांच्या पुढाकारानें उभी राहिलेली रोजगार हमीची योजना आम्हांस मोठी नैतिक घटना वाटते. तिचा कायदा १९७७ चा. तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला, आणि २००५ सालीं सर्व देशासाठीं तशाच स्वरूपाचा कायदा झाला. योजनेंत गैरव्यवहार झाले, हजेरीपटावर खोटीं नांवें चढलीं, हें सर्व खरें. परंतु खडी फोडणारा मनुष्य दुष्काळांत 'सरकारनें जगविलें' असें म्हणत होता, तो पुढें 'मी काम मागितलें' असें म्हणूं शकला. हक्कानें मिळालेल्या भाकरीस मायेची चव नसते, अशी तक्रार आम्हीं विद्वानांच्या तोंडून ऐकली आहे. ती तक्रार करणारांपैकीं एकासही आम्हीं उपाशी पाहिलेलें नाहीं.

दान घेणाराच्या मनांत काय चालतें याविषयीं पाश्चात्य तत्त्वज्ञ बरेच स्पष्टवक्ते आहेत. अरिस्टॉटलचा थोर पुरुष आपण केलेले उपकार स्मरतो, घेतलेले विसरतो, कारण घेणारा हा देणाराहून खालचा, आणि त्याला तर वरचढ राहावयाचें असतें. हॉब्ज यानें १६५१ च्या आपल्या ग्रंथांत कृतज्ञतेस निसर्गाच्या नियमांत स्थान दिलें खरें. पण बरोबरीच्या माणसाकडून न फेडतां येण्याइतका उपकार झाला तर वरवर प्रेम आणि आंतून द्वेष उत्पन्न होतो, हेंही त्यानें नमूद करून ठेविलें. हें कटु वाटेल, परंतु आमच्याकडील वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या अनुभवाशीं तें ताडून पाहावें. आठवड्याचे सात दिवस सात घरीं जेवून कित्येक गरीब मुलें शिकलीं. त्यांपैकीं कांहींनीं तीं सात घरें जन्मभर पूजिलीं; कांहींनीं पुढें त्या गल्लींतून जाणेंही टाळलें. आम्हांस दुसऱ्या वर्गांतील लोकांचा राग येत नाहीं. कोणत्या घरीं ताट आपलेपणानें वाढलें जाई आणि कोणत्या घरीं तें पुढें सरकविलें जाई, हें जेवणारासच ठाऊक. आणि ही सोयसुद्धां जातीच्या उंबरठ्यापाशीं थांबत असे, हें विसरतां कामा नये. ज्यांच्या मुलांस सात घरांपैकीं एकाही घराची पायरी चढतां येत नव्हती, त्यांच्यापुढें वार लावण्याच्या प्रथेचे गोडवे गाणें शोभत नाहीं.

धर्मानंद कोसंबी यांचें 'निवेदन' आम्हीं कॉलेजांत असतांना वाचलें. गोव्यांतील घर सोडून निघालेला हा तरुण काशीस अन्नछत्रांत जेवून संस्कृत शिकला, आणि पुढें बौद्ध विद्येच्या ओढीनें नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असा हिंडला. त्या पुस्तकांत हाल पुष्कळ आहेत. पण हालांचें भांडवल नाहीं, आणि ज्यांनीं मदत केली त्यांच्या पायांवर लोळणेंही नाहीं. ज्यानें जें केलें तें सांगून लेखक पुढें चालूं लागतो. कृतज्ञता या शब्दांतील 'ज्ञ' कसा असावा याचा तो आमच्या मतें उत्तम नमुना होय.

आणि या विषयाची राजकीय बाजू डॉ. आंबेडकरांनीं जितकी नेमकी मांडली तितकी दुसऱ्या कोणीं मांडल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. २५ नोव्हेंबर १९४९ रोजीं घटनासमितींतील भाषणांत त्यांनीं आयरिश देशभक्त डॅनियल ओकॉनेल याच्या वचनाचा आधार घेऊन सांगितलें, कीं मानाची, शीलाची किंवा स्वातंत्र्याची किंमत देऊन कोणीही कृतज्ञ राहूं शकत नाहीं. कृतज्ञतेस सीमा आहे, आणि ती सीमा ओलांडली कीं ती कृतज्ञता राहत नाहीं. हें वाक्य आम्ही वर्गांत कित्येक वर्षें शिकवीत आलों आहों.

शिकविणें सोपें. १९९४ सालीं आम्हांस प्राध्यापकाची नोकरी लागली. त्या सुटींत वडिलांनीं हजेरी मांडून ठेविलेली बागेच्या कामाची जुनी वही आमच्या हातीं आली. तरुण वय, नवी पदवी आणि न्यायाची हौस. आम्हीं सरकारी दर शोधून काढले, वडिलांचे आणि आईचे दिवस मोजले, आणि बागेच्या मालकानें आईस किती रुपये कमी दिले याचा आंकडा काढून तो मोठ्या अभिमानानें तिच्यापुढें ठेविला. कारण ती त्या मालकाचें नांव नेहमीं आदरानें घेई, संक्रांतीस त्याच्या घरीं तिळगूळ पाठवी, आणि ही अज्ञानाची कृतज्ञता आम्हांस असह्य झाली होती. आई कांहीं बोलली नाहीं. दोन दिवस ती घरांत वावरली पण आमच्याशीं बोलली नाहीं. तिसऱ्या दिवशीं भाकरी थापतां थापतां म्हणाली, "कमी देत व्हता हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं व्हतं बाबा. बाया सगळ्याच बोलायच्या. पर त्या सालात 'आत या' म्हणणारा तेवढा एकच भेटला व्हता. तुझा हिशेब खरा आसंल. पर तू त्यो आज मला सांगून काय दिलंस?"

या प्रश्नाचें उत्तर आम्हांस तेव्हां देतां आलें नाहीं. आजही नीट देतां येत नाहीं. आमची समजूत अशी, कीं जमा आणि नांवें एकाच वहींत लिहून शेवटीं बाकी काढावयाची असते; बाकी मालकाकडे निघाली कीं कृतज्ञता रद्द. आईजवळ दोन वह्या होत्या. एकींत 'आंत या' हा शब्द, दुसरींत कमी दिलेली मजुरी; आणि एका वहींतील रक्कम ती दुसरींत वळती करीत नव्हती. ती फसलेली नव्हती. केलेलें सर्व ती जाणत होती, म्हणजे आमच्याच व्याख्येनें पाहिलें तर ती पुरती कृतज्ञ होती आणि आम्हीच शब्दाचा अर्धा अर्थ घेऊन बसलों होतों.

पण एवढ्यावर आईस विजय देऊन मोकळें होणें आम्हांस अप्रामाणिकपणाचें वाटतें. दुसरी वही तिनें जन्मांत कोणासही दाखविली नाहीं. बाया बोलत होत्या, परंतु त्या मालकापुढें जाऊन कां बोलल्या नाहींत? भयानें, कीं त्या 'आंत या' शब्दानें? तो शब्द तिचें तोंड बंद ठेवण्यास पुरला असेल तर मालकास तो फार स्वस्त पडला असें म्हणावें लागेल. आम्हीं तिला हें विचारावयास पाहिजे होतें. दोन वर्षांपूर्वीं ती वारली, आणि तो प्रश्न आमच्याकडेच राहिला.

आमच्या मुलांच्या बाबतींत मात्र आमची चूक निःसंशय आहे. ताटांत अन्न टाकलें, दिवा जळत ठेविला, कीं आम्ही काटोलचा निखारा आणि अकरावी फोड बाहेर काढीत असूं. एकदां आमची कन्या शांतपणें म्हणाली, "बाबा, तुमची गरिबी तुम्ही भोगून संपविली; आम्हांला ती व्याजानें कां देतां?" त्या दिवसापासून आम्ही ती सावकारी बंद केली आहे. ज्यानें ऊन पाहिलें नाहीं त्याला सावलीबद्दल ऋणी राहा म्हणणें व्यर्थ आहे. आणि त्याच्यासाठीं मुद्दाम ऊन निर्माण करणें याला कोणी शिक्षण म्हणत असतील, आम्ही म्हणत नाहीं.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. पहिला पगार झाला तेव्हां आईनें आम्हांस बजाविलें होतें, कीं काटोलास जा आणि विस्तव देणाऱ्या मावशींना एक लुगडें नेऊन दे. आम्ही हो म्हटलें. नंतर परीक्षांचे पेपर आले, लग्न आलें, बदली आली, घर बांधणें आलें. कृतज्ञतेवर आम्हीं या काळांत तीन व्याख्यानें दिलीं. लुगडें न्यावयाचें तें राहिलेंच. आई गेल्यावर तिच्या पेटींत आम्हांस एक कोरें लुगडें सांपडलें. तिनें तें कोणासाठीं ठेविलें होतें हें सांगावयास ती नव्हती, आणि आम्हांस विचारण्याचें कारणही नव्हतें.

गेल्या मार्गशीर्षांत आम्ही काटोलास गेलों. आंबिया बहाराचीं फळें तोडणें चाललें होतें. मावशी आतां ऐंशीच्या पुढें आहेत. डोळ्यांनीं अंधुक दिसतें, पण आवाज तोच. आम्हीं आमचें नांव सांगितलें, आईचें सांगितलें, तेव्हां ओळख पटली. मग आम्हीं विस्तवाची गोष्ट काढली. ती एकट्यानें तोंडपाठ केलेली होती, ती बरीच लांबली. त्या ऐकून घेत होत्या, आणि शेवटीं म्हणाल्या, "कोनता इस्तो रे बाप्पा? इस्तो तं सारेच नेत." त्यांना कांहीं एक आठवत नव्हतें. आठवत होते ते आमच्या आईच्या हातचे धपाटे. "तुही माय धपाटे करे, अन् पहिला आमच्या घरी धाडे. तसे पुन्हा खाल्ले नाही वं," असें त्या आपल्या सुनेकडे वळून म्हणाल्या. आई पहिला धपाटा शेजारीं पाठवीत असे ही गोष्ट आम्हांस ठाऊक नव्हती. विस्तव आणणारे आम्ही, धपाटा नेणारी कदाचित् आमची बहीण असेल.

लुगडें त्यांनीं प्रथम परत केलें, मग रंग कोणता म्हणून विचारलें, आणि मग मांडीवर ठेवून घेतलें. आम्ही निघूं लागलों तेव्हां त्यांनीं आमची पिशवी मागून घेतली. शेजारचें भांडें रिकामें परत पाठवूं नये ही रीत आम्ही विसरलों होतों, त्या विसरल्या नव्हत्या. "रिकामी पिशवी घेऊन जाते काय गा कोनी?" असें म्हणून त्यांनीं सुनेकडून ती संत्र्यांनीं भरून घेतली.

गाडीनें मेटपांजरा मागें टाकलें तेव्हां आम्हीं त्यांतील एक सोललें. फोडी बारा निघाल्या. समोर एक मुलगा आपल्या आजीजवळ बसला होता. आम्हीं फळ त्याच्यापुढें केलें, आणि त्यानें आजीकडे न पाहतां चार उचलल्या.